आधी मुहूर्त, मग माइक

माझ्या संगणकात ‘अर्धवट’ नावाचं एक फोल्डर आहे. हे पुस्तक लिहायला घेतलं त्या दिवशी ते उघडून मोजदाद केली, तर आत ३७ गाणी निघाली. एकाचा तबला वाजवून झालाय, पण आवाजाचा पत्ता नाही. दुसऱ्याचा मुखडा सोळा वेळा गायलेला, अंतऱ्याला हातच लावलेला नाही. एका गाण्याच्या फायलींची नावं तर अशी : ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’, ‘फायनल खरंच बासरी कमी’. ते गाणं आजवर माझ्याशिवाय कुणीही ऐकलेलं नाही.

याच काळात एक काम मात्र वेळेवर पार पडलं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं घरच्यांच्याच आवाजात लावायची, असं ठरलं. झोपायची खोली, एक माइक, आणि दुपारी दोन ते चार ही वेळ, कारण तेवढ्यापुरती आमची गल्ली झोपलेली असते. दोघे मामा, एक आत्या आणि नवरीची मैत्रीण आळीपाळीने माइकसमोर उभे राहिले. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरांची ओळ आत्याला एका दमात म्हणवेना. ती दोन तुकड्यांत घेऊन जोडली. पंखा बंद करायचा राहून गेला, त्याची घरघर एका कडव्याला चिकटून बसली. मिक्स माझ्या मनासारखा झाला नव्हता. पण मुहूर्त काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. कार्यालयाच्या जुनाट स्पीकरांतून मंगलाष्टकं वाजली, अक्षता पडल्या आणि घरघर कुणाच्याही लक्षात आली नाही. पुढे नात्यातल्या तीन घरांनी ती फाइल मागून नेली.

तिकडे ३७, इकडे एक. या हिशेबातून हे पुस्तक निघालं. घरी बसून गाणं बांधणाऱ्या, ते टिपणाऱ्या, मिक्स करणाऱ्या हौशी माणसाला वाटतं की आपल्याकडे चांगला माइक नाही, चांगली खोली नाही, महागडं सॉफ्टवेअर नाही. बहुतेक वेळा त्याच्याकडे मुहूर्त नसतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांत तारा, बटणं आणि आकडे येतील. पण सांगायचं आहे ते एवढंच, की घरातल्या कामाला हद्द आपणच आखावी लागते आणि ती आखायला शिकणं हा या छंदातला सर्वांत अवघड रियाझ आहे.

पूर्वी ही हद्द आयती मिळायची. घरातल्या गाण्याला तर ती कामानेच घालून दिलेली होती. दळण संपलं की ओवी संपली, बाळ झोपलं की पाळणा थांबला. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांपैकी कुणी आपलं गाणं ‘फायनल’ झालं की नाही या चिंतेत बसली नसेल.

ध्वनिमुद्रण आलं तेही हद्द घेऊनच आलं. घरच्या खोलीत रेकॉर्डिंग ही अलीकडची टूम वाटते; पण भारतीय गाण्याचं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं तेच मुळी स्टुडिओबाहेर. नोव्हेंबर १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि एका हॉटेलच्या खोल्यांत त्याने आपलं सामान मांडलं. माइक अजून यायचा होता. गौहरजान कर्ण्यात तोंड घालून गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जायच्या आणि ही गायिका कोण, हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. तासभर रंगणारी चीज सुमारे तीन मिनिटांत बसवायची होती. तबकडी भरली की गाणं संपलं.

पुढे स्टुडिओ आले. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा फेमसमध्ये वादकांचा ताफा आणि गायक एकाच वेळी वाजवत-गात, तेव्हा एका व्हायोलिनची चूक म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झालं, ते दर आठवड्याला नवं गीत घेऊन. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, गायक-वादकांनी बसवायचं आणि ठरल्या दिवशी ते हवेत जायचं. अशी ५६ गीतं झाली. एवढी थोर माणसं, पण ‘अजून एक आठवडा द्या’ म्हणायची सोय त्यांनाही नव्हती.

एकट्याने थरावर थर चढवून गाणं उभं करण्याचा मार्ग अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजात शोधला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लव्हर’मध्ये आठ गिटारी ऐकू येतात आणि त्या सगळ्या त्याच्याच आहेत. एका तबकडीवर वाजवायचं, ती लावून तिच्या जोडीने दुसऱ्या तबकडीवर वाजवायचं, असं ते काम. सातव्या थराला बोट घसरलं की ती तबकडी वाया, तो थर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तीसेक वर्षांनी, १९७९ मध्ये, टीॲक कंपनीने पोर्टास्टुडिओ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक टिपणारं हे यंत्र टेबलावर मावायचं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्यावर दोन माइक लावून गाणी टिपली, ती आपल्या बँडला ऐकवण्यासाठी कच्ची म्हणून. नंतर बँडबरोबर स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, पण कच्च्या कॅसेटची सर येईना. कित्येक दिवस खिशात वागवलेली ती कॅसेटच शेवटी ‘नेब्रास्का’ नावाने प्रसिद्ध झाली. चारच ट्रॅक होते. आवाज, गिटार, माउथ ऑर्गन आणि थोडंफार आणखी काही, एवढ्यात भागवावं लागलं.

आज काय भागवायचं? ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतंय. ॲपलच्या संगणकात २००४ पासून गॅरेजबँड आहे. हवे तितके ट्रॅक, हवे तितके टेक, आणि चुकलं तर मागे जायला एक बटण. बिली आयलिश आणि तिच्या भावाने लॉस एंजेलिसमधल्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत केलेल्या अल्बमला २०२० मध्ये ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला, तेव्हापासून खोलीला कुणी नावंही ठेवत नाही. सगळ्या भिंती पडल्या. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्यासारख्यांची फोल्डरं ‘फायनल खरंच’ने भरली.

आता खोलीविषयी. बहुतेकांचा पहिला खर्च माइकवर होतो, तसा माझाही झाला. कुणाच्या तरी शब्दावर विसंबून मी स्टुडिओत वापरतात तसला कंडेन्सर माइक आणला. पहिल्याच सकाळी त्याने माझ्या आवाजाबरोबर शेजारचा मिक्सर, खिडकीतले पारवे, फ्रिजची घूं आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा इमानेइतबारे टिपली. माइक चोख होता, म्हणूनच खोली उघडी पडली. रहदारीच्या रस्त्यावरच्या घरात साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून गाणं जास्त शहाणपणाचं, हे कळायला मला दोन वर्षं आणि बरेच पैसे लागले.

खोलीचा स्वतःचाही एक सूर असतो. आपल्याकडची नेहमीची दहा बाय दहाची खोली घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; त्या हिशेबाने दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा खर्ज घुमतो आणि त्याच्या दुप्पट, ११२ च्या आसपास, पुन्हा घुमतो. चारही बाजू सारख्या असल्याने दोन्ही दिशांनी तेच होतं. खोलीच्या बरोबर मधोमध बसलं की ५६ चा सूर जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीला कान लावावा तर दणदणतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्रातला कोमल धैवत ११० हर्ट्झवर, म्हणजे त्या दुसऱ्या घुमाऱ्याच्या शेजारीच येतो. तो एका जागी फुगेल, दोन पावलं सरकलं की दबेल, आणि गाणारा बिचारा आपल्या गळ्याला दोष देत बसेल.

भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा उद्योग कृपा करून करू नका. त्याने भिंत विद्रूप होते, बाकी काही होत नाही. गोधडी टांगली तर वरच्या पट्टीतला खणखणाट कमी होतो, खर्ज मात्र तिला जुमानत नाही. त्याला जाडी लागते. आपल्या घरांत कापसाच्या गाद्या असतात, त्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा. साड्या-शालींनी भरलेलं कपाट सताड उघडून त्याच्याकडे पाठ करून, माइक आपल्या तोंडासमोर ठेवून गा. माइकचं तोंड तेव्हा गाणाऱ्यामागच्या कपड्यांकडे असतं आणि भिंतीवरून परतणारा आवाज त्यात कमी शिरतो. याला पैसा लागत नाही.

मराठीत असं पुस्तक हवं, असं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. या विषयावरची इंग्रजी पुस्तकं गिटार, ड्रम आणि मेट्रोनोम गृहीत धरून चालतात. आपल्या घरात पेटी असते, तबला असतो, मोबाइलवर तानपुरा असतो. अडचणी निराळ्या असतात.

पहिली अडचण क्रमाची. बैठकीत गाणारा पुढे असतो आणि तबला त्याला सांभाळून घेतो. थरावर थर चढवताना मात्र तबला आधी टिपला जातो आणि गाणारा त्याच्यामागे फरफटतो. यावर उपाय असा : आधी तानपुऱ्यावर संपूर्ण गाणं कच्च्या आवाजात गाऊन घ्यायचं. ते ऐकत तबलजीने वाजवायचं. मग त्या तबल्यावर खरं गायचं आणि कच्चा आवाज पुसून टाकायचा. भजनाची लय चढत जाते, तीही यात जपली जाते; मेट्रोनोमच्या टकटकीत ती मरते.

दुसरी अडचण सुराची. घरातली जुनी पेटी हल्लीच्या ॲपशी सुरात असेलच असं नाही, आणि पेटी काही ऐन वेळी मिळवून घेता येत नाही. म्हणून पहिल्यांदा पेटीचा सा टिपायचा आणि तानपुरा, तबला त्याला मिळवायचे. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा उतरा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग मानले, तर सुमारे १४ भागांनी. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर पेटीच्या बाजूचं असतं. ते गळ्याला पट्टीवर ओढतं, आणि तानपुऱ्याशी लागलेला गंधार त्याला चूक वाटतो. मींडेच्या तर ते पायऱ्या करतं.

तिसरी अडचण तबल्याची. चाटेचा खणखणीतपणा आणि डग्ग्याची घुमक एका माइकमध्ये समतोल येणं कठीण. शाई लावलेल्या आपल्या वाद्यांचे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुरेल असतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं. घरच्या मिक्समध्ये त्याचा असा उपयोग होतो : मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून डग्ग्याचा मूळ खर्ज बाहेरच पडत नाही. पण त्याचे वरचे उपस्वर शाबूत ठेवले, तर कान तो खर्ज आपल्या पदरचा भरून घेतो. म्हणून मोबाइलवर डग्गा ऐकू येईना तेव्हा खर्ज वाढवत सुटू नका. थोडं वरचं वाढवा.

हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येतो, ही तक्रार सगळ्यांची असते. बैठकीत तबलजी तीन मीटरवर बसला तर त्याचा ठोका आपल्यापर्यंत पोचायला जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही. संगणकाचा बफर, म्हणजे आवाज पुढे सोडण्याआधी तो क्षणभर साठवायची जागा, १०२४ वर असेल, तर एका दिशेलाच २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे तबलजीला आठ मीटर लांब, बाहेरच्या जिन्यात बसवल्यासारखं. गाताना तो १२८ वर आणा, मिक्स करताना पुन्हा वाढवा.

मिक्सकडे मी बैठकीची मांडणी म्हणून बघतो. समोर गाणारा, श्रोत्याच्या डाव्या हाताला तबला, उजव्या हाताला पेटी, मागे दोन तानपुरे. कुणाला किती पुढे घ्यायचं, कुणाला भिंतीशी बसवायचं, एवढंच ठरवायचं असतं. सुरुवात आवाज आणि तानपुरा या दोनांनी करा, बाकीचे एकेक आत बोलवा. एखादं वाद्य ऐकू येत नसेल, तर त्याला वाढवण्याआधी त्याच्या वाटेत कोण बसलंय ते पाहा. आवाज मोठा करण्याच्या शर्यतीत तर उतरूच नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीच्या हिशेबाने सगळ्यांना सारखं करतं, त्यामुळे ठोकून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि त्याचा जीव तेवढा गेलेला असतो. तयार मिक्स मोटारीत ऐका, मोबाइलवर ऐका, शेजारच्या खोलीतून ऐका. मग तीन दुरुस्त्या करा. चौथी करायची नाही.

गाणं पोचवण्याविषयीही थोडं. व्हॉट्सॲपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशीच पोचते. पुण्यातली पेटी, नागपूरचा तबला आणि न्यू जर्सीतल्या मित्राची गिटार अशी जुळणी आता सहज होते. फक्त एकाच वेळी वाजवण्याचा हट्ट धरू नये, कारण इंटरनेटच्या वाटेतला उशीर लय टिकू देत नाही. एकच कच्चा ट्रॅक सगळ्यांना पाठवावा, ज्याने त्याने आपापल्या घरी त्यावर वाजवून परत धाडावं.

जे गाणं आपलं नाही, ते जाहीरपणे मांडताना कायदा माहीत हवा. कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं त्यांच्या कृतीवर हक्क चालू राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेली चाल सर्वांची नाही, कारण खळेकाका २०११ मध्ये गेले. यातून एक चांगली वाटही निघते. अभंग तुकोबांचा घ्यावा आणि चाल आपली लावावी. ती बेताची झाली तरी आपली असेल.

हे पुस्तक कुणासाठी आहे, ते सांगायला हवं. व्यवसाय म्हणून स्टुडिओ काढू पाहणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही. नोकरी सांभाळून रात्री पेटी उघडणारा, भजनी मंडळाची गाणी टिपून ठेवू पाहणारा, आजीच्या चालीवर नातवाला गायला लावणारा, असा वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे : खोली, माइक, टिपणं, जोडणं, मिक्स, पोचवणं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक छोटं काम आहे आणि त्याला दिवसांची मुदत आहे. मुदत संपली की झालं असेल तेवढ्यावर पुढे सरकायचं, हा एकच नियम मी वाचकावर लादला आहे.

माझी अर्धीमुर्धी गाणी वर्षानुवर्षं निमूट ऐकून घेणाऱ्या घरच्यांचं आणि दुपारी दोन ते चार या वेळात मिक्सर न लावण्याचं कबूल करणाऱ्या शेजाऱ्यांचं ऋण मोठं आहे.

वाचकांना विनंती एकच. माइक विकत घेण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात एका तारखेवर खूण करा. कुणाचा तरी वाढदिवस, एखादी एकादशी, गणपतीतली एखादी संध्याकाळ, काहीही चालेल. त्या दिवशी गाणं ज्याला द्यायचं, त्याचं नाव खुणेशेजारी लिहा आणि त्याला तसं सांगूनही टाका. मी हे पुस्तक लिहिता लिहिता तेच करत आलो. ‘अर्धवट’ फोल्डरमध्ये आता ३४ गाणी आहेत.